खापरावरचा हात

पिंपळगाव राजात कुणाकडे मांडे करायचे ठरले की पहिला निरोप गोजरबाईकडे जायचा. गहू निवडणं, डाळ शिजत घालणं हे सगळं त्याच्यानंतर. पुरण भरलेला उंडा ती दोन्ही हातांवर अशी झुलवायची की बघता बघता तो कोपरापर्यंत पसरायचा, आरपार उजेड दिसावा इतका पातळ, आणि कपाशीच्या पऱ्हाट्यांच्या जाळावर तापलेल्या उपड्या खापरावर ती तो अलगद सोडून द्यायची. इथवर गावातल्या आणखी चार बायकांना जमत होतं. अवघड होतं ते पुढचं. भाजलेला मांडा खापरावरून उचलला की वाफ निघते आहे तोवरच त्याची चौघडी घालावी लागते. निवला की तो मोडतो. बाकीच्या बायका त्या वेळी बोटांवर फुंकर घालत, पाण्यात बुडवत, आई गं म्हणत. गोजरबाई मात्र उजव्या हाताची कड मांड्यावर टेकवून शांतपणे दाबायची, जशी एखादी बाई वाळलेल्या लुगड्याची घडी दाबते.

हे काही तिचं पहिल्यापासूनचं नव्हतं. सासरी आली तेव्हा तीही बोटं चोखत बसायची. गेल्या दोन-तीन वर्षांतच तिचा हात असा झाला होता, आणि गावानं त्याचं कारण आपल्या सोयीनं ठरवून टाकलं होतं. सवय, आणि देवीची कृपा. अर्जुनराव पाटलांच्या मुलीच्या लग्नात तर पाहुण्या बायका पंगत सोडून चुलीपाशी आल्या होत्या, तिचा हात बघायला.

"हात हाये का उलथनं वो तुहं?" तिची जाऊ कौशल्याबाई सगळ्यांच्या देखत म्हणाली. "मायनं घडोलं का लोहारानं?"

"मायनंच घडोलं. पन लोहाराच्या भट्टीत ठुलं असन थोडं."

बायका हसल्या. गोजरबाईही हसली. हसता हसता तिनं उजव्या हाताची करंगळी डाव्या हातानं चोळली. मुंग्या येऊन गेल्यावर बोट जसं आपलं वाटत नाही, तसं ते बोट तिला हल्ली कायमच वाटत होतं. पण मांडे नीट होत होते, नाव होत होतं, आणि जे बोट दुखत नाही त्याची तक्रार तरी कुणाकडे करायची?

तिचा नवरा कडूबा गावच्या हायस्कुलात शिपाई होता. वाट्याला आलेली शेती म्हणजे विहिरीकडेचा वांग्या-मिरच्यांचा तुकडा. तो दोघं मिळून बघत, आणि शाळेच्या पगारावर घर चाले. त्या उन्हाळ्यात, म्हणजे महाराष्ट्र होऊन सात वर्षं झाली होती तेव्हा, शाळेच्या विज्ञानाच्या खोलीवरची कौलं उतरवली. खोलीतलं सामान कुठे ठेवायचं हा प्रश्न आला. बरण्या हेडमास्तरांच्या कपाटात गेल्या आणि शरीराचे सहा तक्ते कडूबाच्या घरी आले. गुंडाळून ठेवले तर वाळवी लागेल म्हणून त्यानं ते मधल्या घरात भिंतीला टाचण्यांनी लावून टाकले. पहिल्यावर पेशी, दुसऱ्यावर ऊती, मग हाडं, पोट, रक्ताच्या नळ्या, आणि शेवटी चुलीच्या बाजूच्या भिंतीवर एक उभा माणूस, कातडं नसलेला, डोक्यापासून पायाच्या बोटांपर्यंत पिवळ्या दोऱ्यांनी भरलेला.

"त्या सोलल्या मानसाले घरातून काढा आधी," गोजरबाई म्हणाली. "लगनघर हाये हे. पावने येतीन, काय म्हनतीन?"

"सोलला नाही तो. मज्जासंस्था हाये ते."

"असन. पन तो माह्याकडे पाह्यते अन् मी सैपाक करून राह्यली."

कडूबा पंधरा वर्षं हे तक्ते खिळ्याला अडकवून वर्गाच्या दाराशी उभा राहत आला होता. धडा त्याला मास्तरांपेक्षा जास्त पाठ होता, स्वल्पविरामासकट. तो छाती काढून म्हणे, "सजीवाच्या शरीराचा सर्वांत लहान घटक म्हणजे पेशी. सारख्या पेशी मिळून ऊती होते. निरनिराळ्या ऊती मिळून इंद्रिय होते. इंद्रिये मिळून संस्था, आणि सर्व संस्था मिळून शरीर."

"अन् जीव कुठं हाये त्याच्यात?"

"तो परीक्षेत येत नाही."

त्यांची मुलगी रुख्मिणी हळदीच्या लुगड्याला काठ शिवत बसली होती, ती खुदकन हसली. तिचं लग्न बारा दिवसांवर आलं होतं. मुलगा रोहिणखेडचा, हिंमतराव. बारा एकर काळी जमीन, विहीर, आणि घरात आणखी कुणी वाटेकरी नाही. शिपायाच्या पोरीला असं स्थळ मिळालं म्हणून कौशल्याबाईला चार रात्री झोप नव्हती, असं गल्लीत बोललं जात होतं.

गोजरबाईनं तो धडा आपल्या पद्धतीनं समजून घेतला. माणूस, मग घर, मग गल्ली, मग गाव, असंच हे. कणीक मळता मळता तिनं विचारलं, "अन् एखाद्या घरातला एखादा मानूस बिघडला तं?"

कडूबानं तक्त्यांवरून नजर फिरवली. "ते पुढच्या धड्यात हाये," तो म्हणाला. "पुढच्या धड्याले तक्ता नाही."

दोन दिवसांनी जनकाबाई कासारीण चुडा भरायला आली. आधी रुख्मिणीला, मग आईला. जनकाबाईचा हात असा हलका की बांगडी कधी चढली ते कळत नसे. गोजरबाईच्या उजव्या हाताशी मात्र ती अडली.

"बोट सोडा, बाई. करंगळी आवळू नका."

"मी कुठं आवळली वो?"

दोघींनी हाताकडे पाहिलं. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट तळव्याकडे जरासं वळून बसलं होतं. गोजरबाईनं बोटाला सरळ व्हायला सांगितलं, म्हणजे मनातल्या मनात त्याला हुकूम सोडला. बोट हललं नाही. जनकाबाईनं मान वर करून एकदाच तिच्या तोंडाकडे पाहिलं. मग ती भराभरा सुलतानपूरच्या आपल्या भाचीच्या सासूबद्दल बोलायला लागली, डाव्या हातानं बोटं दाबून बांगड्या चढवून मोकळी झाली. निघताना तिनं ओट्यावरच्या बादलीतलं पाणी घेऊन हात धुतले. कासारणी घरोघर हात धरतात. पण कुणाच्या घरून निघताना कासारीण हात धुते, असं गोजरबाईनं कधी पाहिलं नव्हतं.

त्या दुपारी ती ओसरीत एकटीच बसून राहिली. वैशाखाचं ऊन, अंगाला धारा लागलेल्या. तिनं उजवा हात पुढे धरून पाहिला. मनगटापासून कोपरापर्यंत घामाचे थेंब डवरले होते. फक्त कोपराच्या खाली रुपयाएवढी एक जागा कोरडी होती. तिथली कातडी जरा फिकी, लव नसलेली, गुळगुळीत. हा डाग तिनं आधीही पाहिला होता. दर वेळी तिला तिथे पीठ लागलंय असं वाटायचं आणि ती पदरानं पुसायची. पुसलं तरी जात नाही हे लक्षात यायला एवढे दिवस लागावेत, याचंच तिला आता नवल वाटलं.

तिनं पदर खांद्यावरून हातावर ओढून घेतला आणि उठून कामाला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाऱ्यानं पिवळ्या दोऱ्यांचा माणूस भिंतीवरून सुटून खाली पडला. गोजरबाईनं तो उचलून बाजूला ठेवला, टाचण्या गोळा केल्या आणि पुन्हा परातीपाशी बसली. पापडाचं पीठ होतं, घट्ट मळायचं होतं. कडूबा तक्ता लावायला आत आला. त्याचं बोलणं दारातूनच सुरू झालं होतं. मध्येच ते थांबलं.

"रुख्मीचे माय, हात वर कर."

"काऊन?"

"वर कर म्हनलं ना."

तिनं हात वर केला. पीठ लाल झालं होतं. तळव्याच्या कडेला, करंगळीच्या खाली, टाचणी मुळापर्यंत रुतली होती. फक्त तिचं गोल डोकं दिसत होतं. कडूबानं खाली बसून दोन नखांनी ती ओढून काढली. तो तिच्या चेहऱ्याकडे पाहत होता. तिच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही, कारण तिला काही झालंच नव्हतं.

"कधीपासून?" त्यानं विचारलं.

"मांडे चांगले व्हाले लागले तवापासून," ती म्हणाली.

कडूबानं तक्ता जमिनीवर पसरला. इतकी वर्षं मास्तरांची छडी जिच्यावरून फिरताना पाहिली होती ती वाट त्यानं आता बोटानं काढली. मानेतून निघालेला पिवळा दोरा दंडातून खाली, कोपराच्या मागून, हाताच्या कडेनं करंगळीत आणि शेजारच्या बोटात. मग त्यानं बायकोचं कोपर धरलं. जिथं चुकून ठोकर बसली की हातभर झिणझिण्या येतात, त्या खोबणीत त्यानं बोट घातलं. कातडीखाली सुतळीसारखं काहीतरी जाड, टणक लागलं. डाव्या कोपराला तसं नव्हतं.

धडा पाठ असलेल्या माणसानं हळूच ते कोपर सोडलं.

दोघांच्याही मनात एकच नाव होतं, सरस्वतीबाई. गोजरबाई नवी सून असताना गल्लीतल्या सरस्वतीबाईला रगतपिती, म्हणजे महारोग, झाली म्हणून घरच्यांनी तिला शेतातल्या कुडाच्या खोपीत नेऊन ठेवलं होतं. सासूनं सांगितलं म्हणून गोजरबाई तिला भाकर द्यायला जायची. बांधावर उभी राहायची आणि भाकर लांबून टाकायची. एकदा ती मातीत पडली. सरस्वतीबाईनं उचलून झटकली आणि म्हणाली, "बराबर हाये वो पोरी, तुह्यावाल्या मापानं टाक, मी येचून घेतो." पुढच्या हिवाळ्यात ती मेली. तिच्या धाकट्या बहिणीला मग कुणी मागणी घातली नाही.

"लगन होऊ द्या," गोजरबाई म्हणाली. "अक्षता पडल्या की मंग मले कुठंबी न्या. आता कोनाले समजलं तं रुख्मीचं मोडलं म्हनून समजा."

कडूबानं आयुष्यात घरातला एकही निर्णय घेतला नव्हता. आज तो तक्त्यावरून नजर न काढता म्हणाला, "वाट पाह्यली तं ह्याच्या शेजारचं बोट जाईन. मंग त्याच्या शेजारचं. खामगावले मंगळवारी त्याचा डाक्टर येते. बस्त्याचं काही राह्यलं म्हनून सांगू अन् जाऊ."

मंगळवारी सकाळच्या एस.टी.नं ते गेले. मोठ्या दवाखान्याच्या मागे, शवागाराच्या पलीकडे टिनाची एक शेड होती. बायका पदर नाकापर्यंत ओढून बसल्या होत्या. कुणी कुणाचं गाव विचारत नव्हतं. आपल्याकडे दोन बायका शेजारी बसल्या की पहिल्या घटकेत माहेर-सासर होतं. इथं तासभर कुणी बोललं नाही.

डॉक्टर तरुण होता, सावळा, दमलेला. त्यानं तिला डोळे मिटायला लावले आणि दोन काचेच्या नळ्या आळीपाळीनं हाताला लावल्या. एकीत गरम पाणी, एकीत गार.

"सांगा बाई, गरम की गार?"

दंडावर तिला कळलं. कोपराच्या खाली ती अंदाजानं बोलायला लागली. करंगळीशी आल्यावर तिनं विचारलं, "लावली का?"

"दोनदा लावली," डॉक्टर म्हणाला.

मग त्यानं तिच्या कानाच्या पाळीला बारीक चीर देऊन थेंबभर पाणी काचेच्या पट्टीवर घेतलं आणि थांबायला सांगितलं. दुपारी पुन्हा हाक आली. टेबलावर सूक्ष्मदर्शक होता. कडूबानं शाळेतला सूक्ष्मदर्शक पंधरा वर्षं पुसला होता, लाकडी पेटीत घालून कुलूप लावलं होतं. त्यातून डोकावायला त्याला कुणी कधी सांगितलं नव्हतं. तो कुठे काम करतो हे कळल्यावर डॉक्टर म्हणाला, "या, बघा."

कडूबानं टोपी काढली आणि एक डोळा लावला. बराच वेळ तो वाकूनच राहिला.

"निळं निळं हाये. अन् मधात लाल काड्या. थोड्याच हायेत."

"थोड्याच आहेत म्हणून बरं. हे जंतू मज्जातंतूच्या पेशीत शिरतात. तिथेच राहतात, तिथेच वाढतात. घाई नसते त्यांना, वर्षं लागतात."

"म्हनजे आधी पेशी," कडूबा हळू म्हणाला. "मंग दोरा. मंग बोट. मंग हात." धड्यात शरीर ज्या पायऱ्यांनी बांधत नेलं होतं, त्याच पायऱ्यांनी हे काम चाललं होतं.

डॉक्टरनं मान डोलावली आणि काय करायचं ते सांगितलं. पांढऱ्या गोळ्या, पाच-सहा वर्षं, एक दिवस न चुकता. गोळ्या चालू राहिल्या की दुसऱ्या कुणाला तिच्यापासून भीती नाही. घरातल्या सगळ्यांना एकदा दाखवायला आणा. गेलेलं परत येईलच असं सांगत नाही, राहिलेलं राखू. आणि चुलीपासून हात जपा. मांडे बंद.

"बंद म्हनजे? पोरीच्या लग्नातबी नाही?"

"बाई, तुमचा हात जळत असताना तुम्हाला वास येईल, पण चटका लागणार नाही. कशाला हवेत मांडे?"

गोळ्यांच्या खिडकीशी रांग होती. आतला माणूस नाव घेत नव्हता, आकडा पुकारत होता. गोजरबाईच्या पुढे एक तरुण उभा होता, टोपी कपाळावर ओढलेली, हातात घड्या पडून पडून मऊ झालेलं कार्ड. त्याचा आकडा आला, त्यानं गोळ्या घेतल्या आणि वळला.

हिंमतराव होता.

तो हलला नाही. तीही हलली नाही. कानामागे, केसांच्या कडेला, त्याला फिकी खूण होती. पाहायला आलेल्या दिवशी फेट्याखाली ती दिसली नव्हती. त्याची बोटं मात्र दहाही सरळ होती. त्यानं तिच्या हातातल्या कोऱ्या कार्डाकडे पाहिलं, कानाच्या पाळीवरच्या कापसाकडे पाहिलं.

"मामी," तो म्हणाला, "तुमचा नंबर घ्या आधी. खिडकी बंद होते."

तिनं गोळ्या घेतल्या. शेडच्या मागे, निंबाखाली, तो थांबला होता. कडूबा त्याच्यापासून चार हात लांब उभा होता.

"दोन वर्षं झाले," हिंमतराव जमिनीकडे बघत म्हणाला. "बुलढान्याले ओळखीचे भेटतात म्हनून इकडे येतो. डाक्टर म्हनतात आता माह्यापासून कोनाले काही नाही. गोळ्या मात्र अजून चालूच ठेवा लागतात."

"घरी ठावं हाये?"

"बाबाले. मायले नाही."

"अन् रुख्मीले?"

त्यानं कार्डाची घडी घालून ते खिशात सरकवलं. मग म्हणाला, "तुमी सांगान तं सांगा. मी नाही म्हननार नाही."

एस.टी. स्टँडवर कडूबा इतक्या मोठ्यानं ओरडला की लोक वळून बघायला लागले. "मोडतो मी हे लगन! उद्याच निरोप धाडतो! फसोलं आपल्याले त्याच्या बापानं!"

"हळू बोला. काय सांगून मोडता?"

"जे पाह्यलं ते सांगून!"

"कुठं पाह्यलं म्हनून इचारलं तं?"

गोजरबाईनं गोळ्यांची पुडी चोळीत खोचली. तिला त्या पोराचा राग येत होता, आणि राग येतो न येतो तोच त्याची सरळ बोटं डोळ्यांपुढे येत होती. तो डॉक्टरकडे वेळेवर आला होता. ती मांड्यांचं कौतुक ऐकत बसली होती. परतीच्या वाटेवर तिनं ठरवलं की रुख्मीला दोन्ही गोष्टी सांगायच्या. पोरीचा जन्म आहे, पोरीनं ठरवावं. आधी आपली सांगू. ती ऐकून पोरगी काय करते ते पाहू, मग दुसरी.

घरी पोचले तेव्हा उन्हं कलली होती. रुख्मिणी रांजणापाशी बसून पितळी भांडी चिंचेनं घासत होती. गोजरबाई तिच्यासमोर बसली.

"दोन गोष्टी सांगाच्या हायेत तुले. पहिली नीट आयक."

आणि तिनं सांगितलं. टाचणी, सुतळी, काचेची पट्टी, पांढऱ्या गोळ्या. डॉक्टर जे जे म्हणाला ते ते सांगितलं, गोळ्या घेतल्यावर कुणाला भीती नाही हे दोनदा सांगितलं. रुख्मिणीचे हात भांड्यावर थांबले होते. ती रडली नाही.

"कोनाले सांगतलं?" तिनं विचारलं.

"कोनालेच नाही."

"मांडे कौशल्याकाकू करन मंग. तुह्या हाताले लागलं म्हनून सांगू."

"हाव. तसंच सांगू." सकाळपासून गोजरबाईनं पाणी घेतलं नव्हतं. "पानी दे बरं जरा."

रुख्मिणी उठली. समोर घासलेले सात-आठ पेले उपडे घातले होते, लखलखीत. ती त्यांच्यावरून ओट्यावर गेली आणि तिथल्या कोनाड्यातून कधीमधी रोजानं येणाऱ्या बायांसाठी वेगळा ठेवलेला जर्मनचा पेला घेऊन आली. तिनं तो आईच्या पुढे जमिनीवर ठेवला आणि तांब्या उंच धरून त्यात पाणी ओतलं. एक थेंब बाहेर सांडला नाही, आणि तांब्या पेल्याला लागला नाही. तिनं हे काही रागानं केलं नाही. आईनं सांगितलेलं काम करावं तितक्या सहज केलं, आणि पुन्हा येऊन बसली. पहिल्यापेक्षा हातभर मागे.

गोजरबाईनं पेला उचलला. पाणी प्यायली. सगळं प्यायली.

तिच्या डोळ्यांसमोर रोहिणखेडचं घर उभं राहिलं. तो पोरगा, त्याचं कानामागचं पांढुरकं, आणि त्याच्यापुढे जमिनीवर ठेवलेला असाच एक पेला. मग गावात बोभाटा, मग त्याच्या बापानं दाखवलेलं शेतातलं खोपटं. त्याच्यामागून, तो कुणाकुणाबरोबर रांगेत उभा होता हे विचारणारी माणसं. आणि न सांगितलं तर? तर ही पोरगी त्याच्या पंगतीला बसेल, त्याच्या ताटात जेवेल, आणि तिला कधी कळलंच तर ती आईला काय म्हणेल?

"अन् दुसरी गोष्ट कोनती, माय?" रुख्मिणीनं विचारलं.

ओट्यावर कडूबा उभा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं.

"काही नाही वो," गोजरबाई म्हणाली. "हळद कुटाची राह्यली. परवा सवाष्णी बोलवाव्या म्हनत होती मी."

कडूबा आत आला नाही. चपला पायात सरकवून तो सवाष्णींना सांगायला निघून गेला.